खेळघरातली उलटतपासणी

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं जमिनीवर मांडी घालावी आणि कापडी हत्तीशी अदबीनं वागावं, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या बाईचं डोकं आधी तपासून घ्यायला हवं, असं ॲडव्होकेट कमलाकांतरावांचं स्पष्ट मत होतं. अमरावतीच्या रुक्मिणीनगरातल्या त्या इमारतीचा जिना चढताना हे मत त्यांनी कठड्याला ऐकवलं, कारण दुसरं ऐकणारं कोणी नव्हतं. सहा वर्षांची नात अदिती घरकामाच्या गंगूबाईचं बोट धरून केव्हाच वर पोचली होती. तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता आणि पहिल्या मजल्यावर संध्या वानखडे यांचं ‘खेळघर’. खाली दात उपटतात आणि वर अक्कल, असा एक विनोद त्यांनी मनाशी जुळवला आणि तो सांगायला आता कोर्टातली वकिलांची बार रूम उरली नाही म्हणून हळहळले.

काही भयंकर सोसलेल्या मुलांवर इथं खेळातून उपचार होत. बाहुल्या, वाळू, ठोकळे, गाड्या असा सगळा पसारा. मूल तर खेळायचंच, पण त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसानंही त्याच्याबरोबर खेळायला बसायचं, हा इथला रिवाज. कमलाकांतरावांना तो कोर्टानं लावला नसता तर त्यांनी या जिन्याकडे ढुंकून पाहिलं नसतं.

मार्च महिन्यात त्यांचा मुलगा ईशान, सून आणि अदिती अकोल्याहून गाडीनं परत येत होते. मूर्तिजापूर ओलांडल्यावर, अंधार पडता पडता, रस्त्यात दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी मागून आदळली. ईशान आणि सून जागच्या जागी गेले. मागच्या सीटवरच्या अदितीचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते सहा आठवड्यांत जुळलं. बाकी काय मोडलं ते एक्स-रेत दिसत नव्हतं.

पोरगी मुकी झाली नव्हती. हीच तर गंमत होती, आणि याच गंमतीनं कमलाकांतरावांची झोप उडवली होती. ती गंगूबाईशी बोले, दूधवाल्याशी बोले, शेजारच्या कुत्र्याला दिवसभराची हकीकत सांगे. पण आबाजी, म्हणजे कमलाकांतराव, खोलीत आले की नळ बंद करावा तशी गप्प. सात महिन्यांत आजोबांशी एक शब्द नाही. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. ताटात काय हवं ते विचारलं तर गंगूबाईच्या पदराशी जाऊन कुजबुजायची.

कमलाकांतरावांनी या मौनाचा निकाल पहिल्याच आठवड्यात लावून टाकला होता. हे सगळं अकोल्याच्या मावशीनं पढवलं आहे. मावशी म्हणजे सुनेची थोरली बहीण अनुपमा, तिकडे कॉलेजात शिकवणारी. तिनं अदितीच्या पालकत्वासाठी अर्ज केला, तेव्हापासून कमलाकांतराव तिचं नाव घेत नसत. ‘अकोल्याची पार्टी’ म्हणत. न्यायाधीशांनी अदितीला चेंबरमध्ये बोलावून विचारलं. शाळा, मैत्रिणी, मावशीच्या गच्चीवरचं मांजर, सगळं तिनं घडाघडा सांगितलं. आबाजींबद्दल विचारलं तर छताच्या पंख्याकडे पाहत बसली. मग हुकूम झाला की आजोबा आणि मावशी दोघांनीही आळीपाळीनं एकेक शनिवार संध्या वानखडे यांच्याकडे मुलीबरोबर बसायचं, पुढची तारीख दिवाळीनंतर. तोवर नात बोलली नाही तर ती अकोल्याला जाणार, हे कमलाकांतरावांना कोणी फोड करून सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला न्यायाधीशानं चष्मा कसा पुसला यावरून निकाल कळतो.

पहिल्या दिवशी त्यांनी संध्याताईंचं नीट निरीक्षण केलं. चाळिशीची बाई, सुती कुर्ता, पायात काही नाही. वानखडे या आडनावानं वऱ्हाडात भल्याभल्यांची पंचाईत केलेली आहे; तीन-चार समाजांत ते सापडतं आणि त्यावरून काडीचा पत्ता लागत नाही. कमलाकांतरावांना पत्ता लागल्याशिवाय माणसाशी बोलायला सुरुवातच करता येत नसे.

“मूळच्या कुठल्या तुम्ही?”

“तेल्हाऱ्याची.”

“तेल्हाऱ्यात कुठं?”

“बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत,” संध्याताई म्हणाल्या. “वडील मोतीराम वानखडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. अजून काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या. आत गेल्यावर प्रश्नांना बंदी आहे.”

“छे, छे, माझ्या मनात तसलं काही नसतं. माझे कितीतरी अशील—”

“असतात. सगळ्यांचेच असतात,” असं म्हणून त्यांनी दार उघडलं.

प्रश्नांना बंदी ही थट्टा नव्हती. अर्धा तास मुलाच्या मागून चालायचं, पुढून नाही, असं त्यांनी समजावलं. विचारायचं नाही, शिकवायचं नाही, चूक काढायची नाही, ‘शाब्बास’सुद्धा म्हणायचं नाही. मूल जे करतंय तेवढंच शांतपणे बोलायचं. ‘तू गाडी उचललीस’, ‘तू वाळू ओतलीस’. मुलानं खेळात आपल्याला काही व्हायला सांगितलं तर व्हायचं. आणि काय बोलायचं ते सुचत नसेल तर मुलालाच हळूच, कानात विचारायचं, ‘काय म्हणू?’ एवढाच प्रश्न माफ.

“म्हणजे मी इथं क्रिकेटच्या सामन्यासारखं वर्णन करत बसू?” कमलाकांतराव म्हणाले.

“बसून तर पाहा.”

ते खुर्चीत बसले होते. संध्याताईंनी जमिनीवरच्या सतरंजीकडे बोट दाखवलं. गुडघे दुखतात हे कारण त्यांनी दिलं, त्यावर बाईनं एक लोड आणून ठेवला. शेवटी धोतराचा सोगा सावरत ते खाली बसले तेव्हा त्यांना आपण हरल्यासारखं वाटलं, आणि कुणाकडून हरलो या विचारानं अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

अदिती पाठ करून वाळूत खड्डे खणत होती. कमलाकांतरावांनी सुरुवात केली. “हे काय आहे, विहीर का? विहिरीत पाणी कुठून येतं? मावशीकडे अशी वाळू आहे? मावशी काय सांगते खेळताना? आबाजींबद्दल काय सांगते?” पोरीनं पाठ आणखी वळवली. घोड्याला ती ‘घोळा’ म्हणाली, तेही घोड्यालाच, तर यांनी लगेच ‘घोडा, बाळा, घोडा’ अशी दुरुस्ती केली. गंगूबाईच्या नादानं पोरीची भाषा बिघडली हे त्यांचं जुनं दुःख. मग घोडाही वाळूत गाडला गेला.

अर्धा तास संपल्यावर संध्याताईंनी कागद पुढे केला. “त्रेचाळीस प्रश्न. त्यांपैकी अकरा मावशीबद्दल.”

“प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळेल कसं?”

“उत्तर मागायला आला आहात का?”

“मग काय मागायला आलोय?”

“ते तुम्ही ठरवा,” बाई म्हणाल्या. “पण ती तुमची साक्षीदार नाही.”

घरी परतताना रिक्षात कमलाकांतराव गंगूबाईला म्हणाले की अशा बायका चार इंग्रजी शब्द शिकून येतात आणि भल्या घरांत नाक खुपसतात. गंगूबाई रस्त्याकडे पाहत म्हणाली, “साहेब, मले त्यातलं काई समजत नाई. पण थ्या बाईपाशी पोरगी हासते.” कमलाकांतरावांनी रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगितलं.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. कमलाकांतराव दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला निदान स्वतःचा अंदाज असतो. हे गृहस्थ स्वतःच्या बोलण्यावर लट्टू होते आणि दुसऱ्यानं बोलणं हा आपल्या बोलण्यातला व्यत्यय आहे असं त्यांना जन्मभर वाटत आलं. बायको ऐकून ऐकून वारली. मुलगा ऐकून ऐकून इंजिनिअर झाला. नात तेवढी त्यांच्या मांडीवर बसून उलट बोलायची, तोंडावर हात ठेवून ‘आता माझी बारी’ म्हणायची, आणि जगात फक्त तिच्यासाठी ते थांबत. ती गप्प झाल्यापासून घरात त्यांचाच आवाज घुमत होता आणि त्यांना तो सहन होईनासा झाला होता. तिच्यावर त्यांचं प्रेम होतं. ते कसं करतात हे ठाऊक नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला प्रश्न सतरावर आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी वकिली डोकं चालवलं.

खेळघराच्या दाराशी एक वेताची टोपली होती. आत जाणाऱ्यानं मोबाइल बंद करून तिच्यात टाकायचा असा नियम होता. कमलाकांतरावांनी घरातला जुना, बंद पडलेला फोन टोपलीत टाकला आणि चालू फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आवाज टिपून घेणारं बटण दाबून. पोरगी खेळताखेळता मावशीचं पढवलेलं काहीतरी बरळेल, ते टिपायचं आणि तारखेला मांडायचं. असा पुरावा चालतो की नाही यावर ते स्वतःच दुसऱ्याला तासभर व्याख्यान देऊ शकले असते. पण माणूस स्वतःचा वकील झाला की कायदा विसरतो.

त्या दिवशी ते कधी नव्हे इतके छान वागले. “तू गाडी घेतलीस. तू गाडीत बाहुल्या ठेवल्यास,” असं हळू आवाजात म्हणत राहिले. अदितीनं पाठ वळवली नाही. लाल गाडी सतरंजीवरून सरकवत सरकवत ती चक्क त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली. आणि तेवढ्यात कोटात फोन खणाणला.

फोन होता खुशालरावांचा. हे त्यांचे जुने वकीलमित्र. सत्कार समारंभ भरवण्याची त्यांना भारी हौस. काही नाही, मार्चमधल्या सत्काराचा अल्बम छापून आला आहे, एवढं सांगायला त्यांनी फोन केला होता.

अदितीनं गाडी भिंतीवर भिरकावली. दोन्ही कानांवर हात दाबून ती टेबलाखाली शिरली आणि किंचाळायला लागली. “बाबा, नका उचलू! नका उचलू, बाबा! नका उचलू!”

कमलाकांतराव खिसे चाचपत होते. कोट जुना, आतला खिसा खोल, फोन निघता निघेना. तो वाजत राहिला. संध्याताई टेबलाखाली आडव्या झाल्या, पोरीला हात न लावता तिच्या शेजारी नुसत्या पडून राहिल्या. फोन थांबला तरी किंचाळणं थांबायला पुष्कळ वेळ लागला.

नंतर बाहेरच्या खोलीत त्या कमलाकांतरावांसमोर उभ्या राहिल्या. “फोन आत कसा आला?”

“चुकून राहिला खिशात.”

बाईंनी हात पुढे केला. कमलाकांतरावांनी, का कोण जाणे, फोन दिला. पडद्यावर आवाज टिपणं अजून चालूच होतं, एकतीस मिनिटं आणि काही सेकंद.

“हेही चुकून?” फोन परत देत संध्याताई म्हणाल्या. “वकीलसाहेब, माझ्याकडे दारू पिऊन येणारे बाप येतात. पोरांना मारलेल्या आया येतात. ते रडतात, भांडतात, पण टोपलीत खोटा फोन नाही टाकत कोणी.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “हे मी कोर्टाला कळवू शकते. अजून ठरवलं नाही मी. पण ती काय ओरडली ते तुम्ही ऐकलं ना?”

“मुलांना कशाचीही भीती बसते. फोनची बसली असेल.”

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि कमलाकांतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर मान खाली घातली.

कारण मार्च महिन्यातली ती संध्याकाळ काय होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवशी त्यांची पंचाहत्तरी. वकीलमंडळींनी सभागृहात अमृतमहोत्सवी सत्कार ठेवला होता, सात वाजता. आणि त्याच दिवशी अकोल्याला अनुपमाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. हा मुद्दाम केलेला अपमान आहे असं त्यांचं मत झालं होतं. पाच वाजता परत यायचं या अटीवर त्यांनी मुलाला जाऊ दिलं. पाच वाजले, सहा वाजले. पहिल्या रांगेत मुलगा-सून दिसायला हवीत, लोक विचारत होते. त्यांनी एकदा फोन केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा ईशाननं उचलला. पुढे जे बोलणं झालं ते एकतर्फीच होतं. शेवटी ईशान एवढंच म्हणाला, “आलोच बाबा.” मग एक आवाज झाला आणि फोन तुटला.

तो आवाज त्यांनी ऐकला होता. रेंज गेली असेल अशी स्वतःची समजूत घालून ते व्यासपीठावर चढले, शाल पांघरून घेतली, नारळ घेतला आणि पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं. भाषणात वक्तशीरपणावर एक परिच्छेद होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी फोन केले, पण त्यानं उचललेच नाहीत. हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे त्यांना तसंच आठवायला लागलं. आपला आवाज फोनबाहेरही ऐकू जातो आणि मागच्या सीटवर दोन कान जागे होते, ही गोष्ट त्या नामांकित फौजदारी वकिलाच्या लक्षातच आली नाही.

घरी येऊन, भर दुपारी, पुस्तकांच्या खोलीत बसून त्यांनी ते टिपलेलं ऐकलं. एकदाच. मग पुसून टाकलं. चाळीस वर्षांत त्यांनी अशिलांचे अनेक उद्योग झाकले होते, पण स्वतःच्या हातानं पुरावा नष्ट करण्याची ही पहिलीच वेळ. काम झाल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

पुढचा शनिवार मावशीचा होता. त्याच्या पुढचा आला तेव्हा कमलाकांतरावांनी सकाळीच जाहीर केलं की त्यांना ताप आहे. गंगूबाईनं चहाचा कप टेबलावर आपटला.

“ताप गीप काई नाई तुमाले. मी कपायाले हात लावून पायलं हाय, तुमी झोपेत होते तवा. पोरगी सकायपासून बूट घालून बसली. तुमी कावून नाई म्हणून राह्यले?”

“ती माझी वाट पाहते आहे?”

“मंग कोनाची? आज तुमचा शनवार व्हय ना.”

ते गेले. या खेपेला दोन्ही फोन घरी ठेवले.

अदितीनं सतरंजीवर ठोकळ्यांचा रस्ता मांडला. एका टोकाला उशी, ते अकोला. दुसऱ्या टोकाला कमलाकांतरावांचे गुडघे, ती बहुधा अमरावती. लाल गाडीत तीन बाहुल्या बसवल्या, दोन पुढे, एक मागे. मग ती उठली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“आबाजी,” ती म्हणाली, “तुमी फोन बना.”

‘बना’ नाही, ‘व्हा’, असं एरवी कमलाकांतराव झोपेतही म्हणाले असते. आज सुचलंसुद्धा नाही. बोलली! माझ्याशी बोलली! कोपऱ्यात बसलेल्या संध्याताईंकडे त्यांनी खटला जिंकल्यासारखं पाहिलं. त्या माणसाचं काय करावं? पोरीनं काय मागितलं हे कळायच्या आत तो तारखेचा विचार करत होता.

“वाजा,” अदिती म्हणाली.

“ट्रिंग ट्रिंग,” ॲडव्होकेट कमलाकांतराव म्हणाले. “ट्रिंग ट्रिंग.”

गाडी मूर्तिजापूरपर्यंत आली असावी. अदितीनं पुढच्या बाहुलीचा हात बाहुलीच्याच कानाला लावला. “हॅलो.” मग वाट पाहिली. आबाजी गप्प. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते समजले. पळून जावंसं वाटलं, पण गुडघे असे आखडले होते की पटकन उठणंही शक्य नव्हतं. ते वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, “काय म्हणू?”

अदितीनं त्यांच्या कानाला हात लावून, गरम श्वास सोडत, सगळं सांगितलं. अक्षर न अक्षर. पुस्तकी मराठीत, कारण बोलणारा पुस्तकी मराठी बोलणारा होता. “गाढवा, शंभर माणसं जमलीत इथं. माझी अब्रू घालवतोस? बायकोच्या माहेरी गेलास की तुला बाप आठवत नाही. पोचलास कुठं? उडव गाडी.”

कमलाकांतरावांनी उलटतपासणीत कित्येक साक्षीदार फोडले होते. या साक्षीत एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. ‘उडव गाडी’ हे तर ते स्वतः विसरले होते.

त्यांनी म्हणून पाहिलं. पुटपुटल्यासारखं.

“असं नाई. जोरात. तुमच्यासारखं.”

त्यांनी जोरात म्हटलं. खोली दणाणली. अदितीनं बाहुलीच्या आवाजात “आलोच बाबा” म्हटलं आणि गाडी ठोकळ्यावर आपटली. बाहुल्या पडल्या. मागची बाहुली तिनं उचलून फ्रॉकच्या खिशात घातली. मग बाकीच्या दोघांना पुन्हा गाडीत बसवलं, मागचीलाही बसवलं, आणि गाडी अकोल्याच्या उशीपाशी नेली.

“वाजा.”

दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदाही झालं. चौथ्या वेळी कमलाकांतरावांना सोसवेना. हॅलो आल्यावर त्यांनी आपल्या मनचं म्हटलं, डोळ्यांतून पाणी गळत असताना म्हटलं, “ईशान, बाळा, सावकाश ये. काही घाई नाही.”

अदितीचे हात थांबले. ती चिडली नाही, रडली नाही. खोटं पकडणाऱ्या मोठ्या माणसासारखं तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

“आबाजी, तुमी असं नव्हतं म्हटलं.”

“नाही,” कमलाकांतराव म्हणाले. “नव्हतं म्हटलं.”

“मंग खरं म्हना.”

त्यांनी खरं म्हटलं. अर्धा तास होईस्तोवर आणखी तीनदा म्हटलं.

बाहेरच्या खोलीत अनुपमा बसली होती. महिन्याच्या शेवटी दोन दिवस अदिती अकोल्याला जाई; गाडीत बसायला तयार नसे म्हणून मावशी तिला बडनेऱ्याहून रेल्वेनं नेई. आवाज भिंतीपलीकडे पोचला होता हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. अदिती आत खेळणी जागेवर ठेवत होती. कमलाकांतराव अनुपमासमोरच्या बाकावर बसले.

“त्यानं फोन उचलला होता,” ते म्हणाले. “मी सगळ्यांना खोटं सांगितलं.”

“माहीत आहे. एप्रिलमध्येच सांगितलं तिनं मला.”

“एप्रिलमध्ये? मग अर्जात का नाही लिहिलंत? एका तारखेत केस संपली असती.” वकील काही केल्या मरत नव्हता.

“तुमच्यासाठी नाही थांबले,” अनुपमा म्हणाली. तिच्या बोलण्यात दया नव्हती आणि तसा आवही नव्हता. “तुम्हांला तर मी तहानेनं तडफडताना पाणी दिलं नसतं. पण तुमचा फोन सांगितला की मला माझ्या पुऱ्याही सांगाव्या लागल्या असत्या.”

“कसल्या पुऱ्या?”

“ईशान चार वाजता निघून राहिला होता. बाबा रागावतील म्हणत होता. मीच चप्पल लपवली त्याची, जेवल्याबिगर जायचं नाही म्हणून. तुमच्या सत्काराला उशीर झाला तर बरंच, असंही म्हटलं हसून. पोरगी तिथंच होती.” तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली. “माझ्या शनिवारी ती मला पुऱ्या वाढायला लावते. ‘मावशी, म्हण, अजून एक घे ना.’ मी दोन महिन्यांपासून पुऱ्या वाढून राहिले, वकीलसाहेब. तुमचा तर आज पहिला दिवस.”

कमलाकांतराव तिच्याकडे पाहत राहिले. या बाईला त्यांनी सात महिने पार्टी म्हटलं होतं. तिच्या नखांना हळदीचा पिवळा रंग होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती तीच नजर ते आयुष्यभर इतरांकडे टाकत आले होते. ती आपल्यावर पडली की कशी लागते हे त्यांना आज समजलं. तक्रार करायला जागा नव्हती.

“तारखेला काय सांगणार तुम्ही?” तिनं विचारलं.

“पोलिसांना जे सांगितलं ते खोटं होतं, असं.”

“मग ती माझ्याकडे येईल.”

“येऊ दे,” ते म्हणाले.

अदिती बूट हातात घेऊन बाहेर आली. मावशी पुढे झाली, पण पोरगी आबाजींच्या बाकापाशी गेली, त्यांच्या मांडीवर एक पाय ठेवला आणि बूट पुढे केला. त्यांनी तो घातला. पट्टा लागता लागेना. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तिनं घाई केली नाही.

“आबाजी, माझं घर अकोल्याले झालं तरी शनवारी तुमीच फोन,” ती म्हणाली. “मावशीले नाई येत.”

“हो.”

“आन रागवायचं. खरं खरं.”

“रागवीन,” कमलाकांतराव म्हणाले आणि दुसरा बूट हातात घेतला.